गुणपत्रिका आणि माणसाचे मोल

दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात काही घरी पेढे वाटले जातात आणि काही घरांचे दार दुपारपासूनच लोटलेले असते. त्या दारामागचा मुलगा नापास झालेला असतो असे नाही. त्याला 75 टक्क्यांची आशा होती आणि 58 टक्के मिळाले, एवढेच. पण आता कोणते कॉलेज मिळणार, विज्ञान शाखा मिळणार की नाही, लोकांना काय सांगायचे, या विचारांनी घर सुन्न होते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. हे दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी तोच प्रश्न आमच्यासमोर उभा राहतो. अशा मुलाने काय समजावे? आपले गुण कमी आहेत असे, की आपणच कमी आहोत असे?

बी.एड.च्या अभ्यासक्रमात दोन शब्द शिकवले जातात : मापन आणि मूल्यमापन. उत्तरपत्रिकेला 100 पैकी 52 गुण देणे हे मापन. त्या 52 वरून काय निष्कर्ष काढायचा, पुढे काय करायचे, हे मूल्यमापन. पहिले काम परीक्षक करतो. दुसरे काम शाळा, घर आणि समाज करतात. आणि माणसाचे मोल ही तिसरीच गोष्ट आहे. ते मोजणारी पट्टी कोणत्याही मंडळाकडे नाही. आपली गल्लत होते ती इथे. शिंप्याने घेतलेले माप पाहून आपण अंगरख्याची लांबी ठरवतो, अंगरखा घालणाऱ्याची लायकी ठरवत नाही.

शिवाय पट्टीसुद्धा कायमची नसते. आपल्या राज्यात दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले गुण काढले होते. निकाल 77.10 टक्क्यांवर आला. 2020 मध्ये ते गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्के झाला. 2021 मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला, तो 99.95 टक्के. महाराष्ट्रातली मुले एका वर्षी मंद आणि दुसऱ्या वर्षी हुशार झाली, असे कोण म्हणेल? अकरावीच्या प्रवेशाचेही तसेच. 2008 मध्ये पर्सेंटाइल, 2009 मध्ये 90:10 चा कोटा, 2010 मध्ये बेस्ट फाइव्ह. पहिली दोन सूत्रे मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाहीत. गुणपत्रिका तीच, पण रांगेतली जागा सूत्राप्रमाणे बदलत होती.

मग गुणांना काही अर्थच नाही, असे सांगून मुलाची समजूत घालावी काय? आम्हाला ते पटत नाही. कॉलेजची यादी एका आकड्यावर थांबते, हे मुलाला दिसत असते. त्याला खोटा दिलासा देणे म्हणजे त्याच्या दुःखाला बालिश ठरवणे. नापास होऊन पुढे थोर झालेल्यांच्या गोष्टी सांगितल्या तर तो मनात विचारतो, मी थोर झालो नाही तर? आणि गुण कधी कधी खरी सूचनाही देतात. दहा वर्षे उर्दूतून शिकलेल्या मुलाला इंग्रजीत 40 गुण असतील, तर इंग्रजीतून शिकवली जाणारी अकरावी विज्ञान त्याला जड जाईल. ही सूचना वेळीच ऐकावी, इंग्रजीची तयारी करावी किंवा शाखेचा पुन्हा विचार करावा. यात कमीपणा कसला?

खरा नैतिक प्रश्न याच्याही पुढचा आहे. मुलाला 55 टक्के मिळाले तर घरात म्हणतात, क्लास बदलू, पुढच्या वेळी मेहनत करेल. मुलीला तेच 55 टक्के मिळाले तर म्हणतात, पुरे झाली तालीम, आता घरकाम शिकू दे. मापन एकच, मूल्यमापन मात्र दोन तऱ्हेचे! इथे गुणपत्रिका दोषी नाही. मनात आधीच ठरलेल्या गोष्टीला तिच्या आडून कारण मिळते, इतकेच. मुलीच्या नशिबातच नव्हते, असे मग म्हटले जाते. नशिबाची भाषा मेहनत आणि प्रयत्न संपल्यावर बोलावी, प्रयत्नाचे दार स्वतःच बंद करून नव्हे.

अब्बांचे दुःखही आम्ही जाणतो. दिवसभर रिक्षा चालवून फी भरलेली असते, नातेवाइकांत शब्द टाकलेला असतो. पण मूल हे आपल्या इज्जतीचे जामीनदार नाही. प्रामाणिक मेहनत आणि खरा हिशेब, एवढेच आपण त्याच्याकडून मागू शकतो. त्याबदल्यात आपण त्याला सत्य सांगायचे, पण अपमान न करता.

सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. गुणांबद्दल शंका असेल तर गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊन पुनर्मूल्यांकन मागता येते. एखादा विषय राहिला तर पुरवणी परीक्षा आहे, गुण वाढवायचे तर श्रेणीसुधार योजना आहे. 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. त्याच्या अनेक फेऱ्या असतात, म्हणून पहिल्या यादीत नाव नसले तर सारे संपले असे नाही. पसंतीक्रम मात्र मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून, घरापासूनचे अंतर आणि खर्च पाहून भरावा. आयटीआय आणि तंत्रनिकेतन यांनाही उरलेल्यांची जागा समजू नये. ज्याचे हात चांगले चालतात, त्याच्यासाठी ती पहिली पसंती असू शकते.

आमचे पालकांना एवढेच मागणे आहे की निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे टक्के विचारू नयेत. आधी आपल्या लेकराला जेवायला बसवावे. मग दोन दिवसांनी गुणपत्रिका समोर ठेवून एकेक विषय पाहावा : कुठे समजले नाही, कुठे वेळ पुरला नाही, पुढे काय शिकावेसे वाटते? आणि हे प्रश्न मुलाला जितक्या मायेने विचारू, तितक्याच मायेने मुलीलाही विचारावेत.