जुनें किती पुसावें?

जुनी वस्तु नीट करून स्नेह्यास भेट द्यावयाची, तर तिचें जुनेपण कितपत पुसावें? गोल्फचा चेंडू खळग्यांत हलकेच लोटण्याच्या काठीस पटर म्हणतात. बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूस १९२३ सालीं ‘कॅलॅमिटी जेन’ नांवाचा जुना पटर मिळाला. त्याच वर्षीं त्यानें अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. पुढें मात्र अति घासपुशीनें त्या पटरचें तोंड झिजलें, व दुसरा घ्यावा लागला.

म्हणून गंज काढावा, मुठीस नवें चामडें बांधावें. कारागिराची खूण राखावी. स्नेह्याचें नांव घालणें तर मुठीवर घालावें. मूठ धन्यागणिक बदलते, लोखंड टिकतें. पूर्वीचें पुसून त्यावर आपलें प्रेम कोरणें आम्हांस उचित वाटत नाहीं. कारण भेट देणारा हा वस्तूचा निर्माता नव्हे, वारसा पुढें देणारा एक हात होय.