रंगाखालचा सांधा

बाबांची राजदूत 175 विकायची ठरली. पोराने कारंज्यातून कम्प्रेसर आणला, अंगणात ताडपत्री बांधून चेसिसवर रेतीचा फवारा मारला. सॅन्डब्लास्टिंग म्हणतात त्याला. दुपट्टा बांधूनही दोन दिवस घसा खवखवला. ही धूळ फुप्फुसात बसते, घरी करायचं काम नव्हे हे. लाल रंग गेला, त्याखालचा काळा गेला, अन् हँडल बसते त्या नळीपाशी वेल्डिंगचा जुना सांधा उघडा पडला.

"बाबा, पुट्टी भरून रंग मारू. घेणाऱ्याला काय दिसते?"

पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो. पण शिंगावरच्या वेढ्यांवरून वय कळते, म्हणून बाजाराआधी शिंगं तासून रंगवणारेही असतात. रंग तोच. आमच्या बाबांनी एक बैल तसाच विकला. शिंगं मीच धरली होती. घेणारा पुढे रस्त्यात भेटला की रामराम घेत नसे.

उघडं लोखंड लगेच गंजते, म्हणून प्राइमर त्याच दिवशी मारला. पुट्टी मात्र भरू दिली नाही. गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याचं बोट धरून सांध्यावर टेकवलं. त्याने दोन हजार कमी केले. पोरगा अजून ते काढतो.