आरशावरची चिठ्ठी

माझ्या भाच्याच्या खोलीतल्या आरशावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘मी जिंकणारच.’ राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा हुकल्यावर त्यानं कुठल्याशा हॉटेलच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर केलं आणि येताना ही चिठ्ठी आणली. सकाळी दात घासून झाले, की आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघून हे वाक्य दहादा मोठ्यानं म्हणायचं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतली भिंतीला भिंत लागून असलेली घरं. शेजारच्या वहिनींना पहिला आठवडाभर वाटत होतं, की पोरगं घरात कुणाशी तरी भांडतंय.

तिसऱ्या वेळीही यादीत नाव नव्हतं. त्या दिवसापासून तो आरशासमोर जायचाच बंद झाला. दाढी वाढली. जेवताना एकदा म्हणाला, “मामा, वाक्य खोटं ठरलं म्हंजे मीच खोटा न्हवं का?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी तांबड्या रश्श्याची वाटी त्याच्याकडं सरकवली, एवढंच.

तशी आमच्या गावात आत्मविश्वासाची टंचाई नाही. ‘जगात भारी’ हे आम्ही गाडीच्या मागच्या काचेवर लिहून हिंडतो. पण गावाच्या छातीचं माप माणसाच्या छातीला लागू पडत नाही, आणि हा आत्मसन्मान नावाचा प्रकार माणसात येतो तरी कुठून, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय.

आपला जुना शब्द ‘मान’. तो दुसऱ्यानं द्यायचा असतो. मानाची पालखी, मानाचा विडा, लग्नातलं मानपान आणि त्यावरनं होणारे रुसवेफुगवे, सगळं दुसऱ्याच्या हातात. (खाली घालायची ती मान आणि मिळवायचा तो मान, मराठीनं दोन्हींना एकच शब्द ठेवलाय.) स्वतःच स्वतःला द्यायचा तो ‘अभिमान’, आणि तो तर टाकायचाच असं वारकरी परंपरेनं शिकवलेलं. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना पहिलं येतं ते अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. पुढं याच अभिमानामागं ‘स्व’ लागला आणि दुर्गुणाचा सद्गुण झाला. ते का झालं, हे बघायला कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही, पंचगंगेच्या घाटावर उतरलं तरी पुरे.

1899 चा कार्तिक. शाहू महाराज पहाटे स्नानाला आलेले, वय पंचवीस, गादीला एकोणीस तोफांची सलामी. बरोबरच्या राजारामशास्त्री भागवतांच्या लक्षात आलं, की भटजी वेदोक्त सोडून पुराणोक्त मंत्र म्हणतोय. विचारल्यावर उत्तर मिळालं, की शूद्राला पुराणोक्तच चालतं, आणि त्यासाठी आपण स्वतः आंघोळ करायचीही गरज नाही. आता या राजाला कुणी शिबिरात बसवून ‘मी थोर आहे’ असं दहादा म्हणायला लावलं असतं, तर काय फरक पडला असता? खोट त्याच्या मनात नव्हतीच. ती त्याच्याकडं बघणाऱ्या डोळ्यांत होती. पुढचं सगळं एका पहाटेतनं निघालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण राजाची ही गत, तर बाकीच्यांची काय असेल, हे गणित त्यांना चांगलंच कळलं असणार. 1901 मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी एकेका समाजाच्या पोरांसाठी वसतिगृहं निघत गेली. 26 जुलै 1902 ला संस्थानाच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम झाला. खेड्यातल्या पोराला ‘तू हुशार आहेस’ असं सांगत बसण्यापेक्षा त्याला गावात खोली, दोन वेळचं जेवण आणि शिकून झाल्यावर खुर्ची मिळेल, एवढी सोय त्यांनी केली.

याच काळात तिकडं अमेरिकेत विल्यम जेम्सनं 1890 च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात एक अपूर्णांक मांडला होता. आत्मसन्मान म्हणजे वर यश आणि खाली अपेक्षा. वरचा आकडा वाढवला तरी माणूस समाधानी होतो, खालचा कमी केला तरी होतो. मला तर हा अपूर्णांक आपल्याकडचा वाटतो. संतांनी खालचा आकडा कमी करायला सांगितलं, महाराजांनी वरचा वाढवायची व्यवस्था केली. आणि भाच्याची चिठ्ठी? ती खालचाच आकडा फुगवत होती. ‘जिंकणारच’ मधला तो ‘च’ केवढ्याला पडला बघा.

पण जेम्सच्या गणितात एक गोष्ट बसत नाही. खालचा आकडा कमी कर, हे कोण कुणाला सांगतंय? तुकोबांनी स्वतःला सांगणं वेगळं. ज्याला हौदाला हात लावायची बंदी, त्याला पाटलानं ‘अपेक्षा कमी ठेव, सुखी होशील’ असं सांगणं वेगळं.

हौदावरनं गंगाराम कांबळे आठवतात. ते राजवाड्याच्या पागेत नोकर होते. सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून सोबतच्या नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा परगावी होते. परतल्यावर सोनतळी कॅम्पवर गंगारामांनी पाठ उघडी करून दाखवली, तशी मारणाऱ्यांना शिक्षा झाली. गोष्ट इथं थांबली असती, तर ती नुसत्या न्यायाची झाली असती. महाराजांनी त्यांना नोकरीतनं मोकळं केलं आणि धंद्याला पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांनी चहाचं हॉटेल काढलं. नाव ‘सत्यसुधारक’. स्वच्छ कपबशा, चांगला चहा आणि गिऱ्हाईक शून्य. महाराच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराजांचा खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या दारात थांबायला लागला. ते गाडीतनंच हाक मारून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबर बसलेल्या सवर्ण मंडळींनाही पाजायचे.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी महाराजांकडं बघतो. मला गंगारामांकडं बघावंसं वाटतं. शेगडी पेटवायची, दूध तापवायचं, फडकं मारायचं आणि रिकाम्या बाकांकडं बघत बसायचं. दुसऱ्या दिवशी परत तेच. खडखडा यायच्या आधीचे ते दिवस कसे काढले असतील? त्यांच्या हातच्या चहात आधीही काही उणं नव्हतं. पण तो चारचौघांत कुणीतरी प्यावा लागतो, मग कणा ताठ होतो. आत्मसन्मान आतनं उगवतो असं शिबिरवाले सांगतात. असेलही, पण पहिलं पाणी बाहेरनंच लागतं असं मला दिसतं.

आत्मसन्मानाचा दुसरा अर्धा भाग तालमीत सापडतो. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन कठड्यावर बसा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली तांबडी माती. पंधरा-सोळा वर्षांचं पोर तिच्यात एका सकाळी दहादा पडतं, तेही सगळ्यांच्या देखत. उठतं, मूठभर माती घेतं, समोरच्याच्या पाठीवर टाकतं, परत खडाखडी. वस्ताद ‘शाब्बास’ही म्हणत नाही आणि ‘हरलास’ही म्हणत नाही. म्हणतो, “पाय कुठं हुता तुझा?” चूक पायाची, पोराची नव्हे. हे ज्याच्या अंगात मुरलं, त्याला खासबाग मैदानात हजारोंच्या समोर चितपट झाल्यावरही रात्री जेवण जातं.

खाशाबा जाधव याच मातीतले, राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 ला लंडनला सहावे आले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. 1952 ला खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावरचं पुस्तक आलं, आणि आपल्या शिबिरांचं बरंचसं गोत्र तिथवर पोचतं. खाशाबांची जिद्द कुणी नाकारत नाही. पण तिच्याखाली एका मास्तराचं घर गहाण पडलं होतं, हे तसल्या पुस्तकांत मावत नाही.

पुढं कॅलिफोर्नियानं 1986 मध्ये आत्मसन्मानासाठी सरकारी समितीच नेमली. लोकांना स्वतःविषयी बरं वाटायला लागलं, की गुन्हे, व्यसनं, नापास होणं सगळं कमी होईल अशी आशा. 2003 मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं, तर नुसता आत्मसन्मान वाढवून मुलांचे गुण वाढतात याला आधार सापडला नाही, उलट चांगल्या कामगिरीनंतर आत्मसन्मान येतो असंच काहीसं दिसलं. 2009 मध्ये कॅनडात जोआन वुड यांच्या प्रयोगात तर असं निघालं, की ज्यांना आधीच स्वतःबद्दल कमी वाटतं, त्यांनी स्वतःची स्तुती करणारं वाक्य घोकलं की त्यांना आणखी वाईट वाटतं. हे भाच्याला वाचून दाखवलं. म्हणाला, “शिबिराच्या आधी सांगायचं न्हाई व्हय, मामा?”

सकारात्मक विचार सगळा फोल, असं मात्र मी म्हणणार नाही. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ ज्यानं वाचलंय, तो तसं म्हणू शकणार नाही. ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचं शरीर गेलं, जगायची इच्छा संपली. मग त्यांना बाबूकाका दिवाण भेटले, तसेच चाकाच्या खुर्चीतले आणि तरीही आपला व्यवसाय चालवणारे. त्यांनी नुसता उपदेश केला असता तर तो कदाचित वाहून गेला असता. समोर एक माणूस तसं जगत होता, म्हणून तो पटला. 1984 मध्ये नसीमाताईंनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली. खुर्ची, उतार, वसतिगृह, शिक्षण, काम, म्हणजे पुन्हा वसतिगृह आलंच. लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये इथंच ‘सृजन आनंद’ शाळा काढली ती शिक्षा आणि स्पर्धा बाजूला ठेवून. माझ्या शाळेत निकालाच्या दिवशी पहिल्यापासून शेवटापर्यंत नावं वाचायचे. शेवटून तिसरा कोण होता, ते मला पन्नास वर्षांनीही आठवतं. त्यालाही आठवत असणार.

भाचा सध्या एका अभ्यासिकेत बसतो. तिथल्या नव्या पोरांना राज्यघटना कळत नाही, ती संध्याकाळी त्याच्याभोवती जमतात. पहिल्यांदा कुणी ‘सर’ म्हटलं तेव्हा तो मागं वळून बघायला लागला, की कोण आलं. परीक्षा परत देणार का, हे मी विचारलेलं नाही. फॉर्म भरलाय असं त्याची आई म्हणते.

चिठ्ठी तिनंच काढली दिवाळीच्या साफसफाईत. “मी काय मुद्दाम काढलो न्हाई, फडक्याला चिकटून आली,” असं तिचं म्हणणं. डिंकाचा चौकोन मात्र घासून निघाला नाही. परवा सकाळी गेलो, तर भाचा तोंडाला फेस लावून उभा होता. नेमका हनुवटीसमोर तो चौकोन येतो, म्हणून दाढी करताना त्याला मान जरा वर करावी लागते.