आपली फरशी व खालच्याचे छत

आपल्या घरात आपण काय करावे व काय करू नये, हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास आहे काय? हा प्रश्न ऐकताच पुष्कळ लोक "नाही" असे उत्तर देतील. ज्याने घर घेतले व ज्याने त्याचे कर्ज फेडले, त्याने त्यात भिंत पाडावी अथवा बांधावी. इतरांचा त्याच्याशी काय संबंध? उत्तर सरळ दिसते खरे. परंतु गेल्या काही वर्षांत ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या गावांत ज्या गोष्टी घडल्या, त्यांकडे पाहिले असता ह्या उत्तराने आमचे समाधान होत नाही. खेड्यातील आमचे वाचक कदाचित म्हणतील, "हा शहरातील बिऱ्हाडकरूंचा प्रश्न आहे, आम्हांस त्याचे काय?" तो आपलाही प्रश्न कसा आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, घर नीटनेटके करण्यात आम्ही काही दोष मानीत नाही. घरी लग्न निघाले अथवा सण जवळ आला म्हणजे खेड्यात आपण कौले परततो, भिंतींस चुना देतो, अंगण सारवितो. सोयरेधायरे येणार, ते कोठे बसतील, कोठे निजतील, ह्याची काळजी घरधन्याने वाहिली नाही तर कोणी वाहावी? पाहुण्यास बसावयास चांगली जागा देणे हा त्याचा मान राखण्याचा एक प्रकार आहे, आणि ज्या घरी आप्त जमतात ते घर सुखी, असे आपण म्हणतो ते योग्यच आहे. शहरात गेलेल्या आपल्या मुलाबाळांनाही असेच वाटते. तेथे शेण व चुना नाही, म्हणून ते जुनी फरशी काढून नवी बसवितात, ओटा बदलतात, स्वयंपाकघर व बाहेरची खोली ह्यांमधील भिंत पाडून जागा मोठी करतात. हेतू तोच आहे. रीत मात्र बदलली आहे.

परंतु रीत बदलली तशी घराची जातही बदलली, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. खेड्यातील आपले घर आपल्या जमिनीवर उभे असते. त्याची भुई खणली तर खाली माती लागते. शहराची गोष्ट वेगळी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, व पुढल्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. त्या लोहमार्गाच्या आधाराने कोकणातून, देशावरून व पुढे मुंबईच्या दाटीतूनही लोक येऊन ह्या गावांत राहिले. माणसे वाढली, जमीन तेवढीच राहिली. म्हणून घरांवर घरे चढली. अशा ठिकाणी भुई म्हणून जिला आपण म्हणतो, ती वास्तविक भुई नव्हे. आपली फरशी हे खालच्या माणसाचे छत आहे, आणि आपले छत ही वरच्या माणसाची फरशी आहे. पाचसहा इंच जाडीचा एक स्लॅब, व तो दोन कुटुंबांच्या मालकीचा! मग त्यास "माझा" असे एकट्याने कसे म्हणावे?

ह्या गोष्टीचा अर्थ काय होतो, ते कल्याण येथे दिसून आले. २० मे २०२५ रोजी दुपारी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी नावाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरील एका घरात फरशीचे काम चालू होते. ते चालू असता स्लॅब खचला, आणि तो एकामागून एक मजले फोडीत खाली गेला. सहा माणसे मेली. त्यांत एक लहान बालक होते. कित्येक जखमी झाले. खालच्या घरांत त्या वेळी कोणी जेवून पडले असेल, कोणी मुलास निजवीत असेल. त्यांनी आपल्या घरात हातोडा उचलला नव्हता. दोष कोणाचा व किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे व त्यात आम्ही शिरत नाही. परंतु हे तर स्पष्ट आहे की, जे काम एका घराची शोभा वाढावी म्हणून आरंभिले होते, त्याने इतर घरांत प्रेते पडली.

हे एकच उदाहरण नव्हे. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे साईसिद्धी इमारत पडली व सतरा माणसे मेली. तेथे फेरफाराचे काम तळमजल्यावर चालले होते. कल्याणास संकट वरून खाली आले. घाटकोपरास ते खालून वर गेले. ह्यावरून एवढे समजते की, मजल्यांच्या घरात वरचा व खालचा हा भेद केवळ जिन्याचा आहे. धोका सर्वांचा एकच असतो.

असे का होते, हे समजण्यास फार विद्या नको. राहत्या खोलीत माणसे व सामान ह्यांचे ओझे दर चौरस मीटर जागेवर सुमारे २०० किलो धरून स्लॅबचा हिशेब करावा, अशी भारतीय मानकांची रीत आहे. आता जुनी फरशी न काढता तिच्यावरच दोन इंच जाडीचा माल व नवी फरशी घातली, तर दर चौरस मीटरवर सुमारे १०० किलोचे नवे ओझे कायमचे बसते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीत ते जवळजवळ दहा क्विंटल होते. ज्वारीची पन्नास किलोची वीस पोती आपल्या माडीवर कायमची रचून ठेवावी, तसेच हे आहे. त्यात आणखी इमारत तीस-चाळीस वर्षांची असते. पावसाचे पाणी मुरून आतील सळया गंजलेल्या असतात. गंजलेले लोखंड फुगते, व ते फुगले म्हणजे भोवतालचे काँक्रीट फोडते. म्हणून छताचे पोपडे पडू लागतात. अशा स्लॅबवर मिस्त्री यंत्राचा हातोडा चालवितो, आणि वाळूची पोती व राडारोडा खोलीच्या मध्यभागी एका जागी रचतो. घर पडावे असे त्याला वाटत नाही, घरधन्यालाही वाटत नाही. तरी ते पडते.

येथेच खरा नीतीचा प्रश्न उभा राहतो. कोणी म्हणेल, "ज्यास ठाऊकच नव्हते, त्यास अपराधी कसे म्हणावे? त्याने कोणाचे वाईट इच्छिले नाही." आम्हांस वाटते की, ठाऊक नसणे दोन प्रकारचे असते. एक, जे कितीही विचारले तरी कळले नसते ते. त्याबद्दल कोणी कोणास दोष देऊ नये. दुसरे, जे विचारले असते तर कळले असते, परंतु विचारले नाही ते. फरशीचा रंग निवडण्यास चार दुकाने हिंडणारा मनुष्य, "हा स्लॅब हे ओझे सोशील काय?" एवढे विचारण्यास एका इंजिनियराकडे गेला नाही, तर त्याच्या अज्ञानास आपण निर्दोष म्हणू शकत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात नव्या घराच्या धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे, ती वाचकांस आठवत असेल. ज्याने कठडा केला नाही त्याने कोणास ढकलून दिलेले नसते. तथापि तेथून मनुष्य पडून मेला तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. दुष्ट हेतू नव्हता, हे उत्तर तेथे पुरत नाही. दुसऱ्याच्या जिवाची आगाऊ काळजी घेणे हाही घर बांधण्याचाच एक भाग धरला आहे.

दुसरे कोणी म्हणतील, "सगळेच असे करतात, व आजवर काही झाले नाही." आजवर काही झाले नाही, ह्याचा अर्थ इतकाच की ओझे अजून पुरे भरलेले नाही. तिसरा आक्षेप मात्र अधिक खरा आहे: "गरिबाने काय करावे? त्यास इंजिनियर परवडत नाही, आणि पडक्या इमारतीवाचून दुसरी जागाही मिळत नाही." ह्या बोलण्यात दुःख आहे व ते आम्ही हलके मानीत नाही. तीस वर्षांवरील इमारतीची तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक इमारतींच्या याद्याही प्रसिद्ध करतात. परंतु यादीत नाव आल्यावर जावे कोठे, हे कुटुंबास यादीत सापडत नाही. तरीही ज्यास नव्या फरशीस पैसा मिळतो, त्यास ती घालण्यापूर्वी सल्ला विचारण्यास पैसा मिळत नाही, असे कसे म्हणता येईल? आणि खालच्या घरी जाऊन सांगण्यास तर एक पैसाही लागत नाही.

ह्या शेवटच्या गोष्टीविषयी आम्ही स्वतः जे पाहिले ते सांगतो. डोंबिवलीत आमच्या नात्यातील एका गृहस्थाच्या मुलीचे लग्न ठरले होते. घर दुसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी. देशावरून पन्नास माणसे येणार म्हणून त्यांनी काम काढले. आम्ही भेटीस गेलो तेव्हा त्यांनी नव्या फरशीचा नमुना दाखविला, आणि आम्हीही तो वाखाणिला. "लग्नघर शोभले पाहिजे," असे आम्हीच बोललो. गावाहून त्यांची वृद्ध आत्या आधीच आली होती. ती दोन दिवस हातोड्याचा आवाज ऐकत बसली, व मग तिने विचारले, "आरं बाळा, खाली कुणाचं बिऱ्हाड हाय?" भाच्याला आडनाव तेवढे सांगता आले. आत्याबाई म्हणाल्या, "गावाकडं मधल्या भितीला खुटी ठोकायची झाली तरी शेजाऱ्याला हाक मारतो आपण." मग त्या चार लाडू ताटलीत घेऊन, गुडघे दुखत असताही, जिना उतरून गेल्या.

त्या वर आल्या तेव्हा ताटली रिकामी नव्हती. तीत छताच्या पोपड्याचे तळहाताएवढे दोन तुकडे होते. खाली एक गृहस्थ अर्धांगाने अंथरुणास खिळलेले होते. आठ दिवसांत त्यांची खाट तीन वेळा सरकवावी लागली होती. "वर लग्नकार्य आहे, कसे बोलावे?" म्हणून त्या घरच्या बाई गप्प राहिल्या होत्या. त्या तुकड्यांकडे पाहून कोणास काही बोलवेना. आम्हांसही आपले शब्द आठवले. काम त्याच दिवशी बंद झाले. इंजिनियर आला, त्याने खालून टेकू लावविले, स्लॅबची दुरुस्ती आधी करावी असे सांगितले, आणि जुनी फरशी ठेवून वर नवी घालण्यास साफ मना केले. फरशीचे पैसे दुरुस्तीत गेले. लग्नाचे पाहुणे खाली पटांगणात मांडवात बसले, व घरात अर्ध्या खोलीची जमीन उघडीच राहिली. काही सोयऱ्यांनी नाके मुरडली, हेही खरे आहे. परंतु पंगतीच्या आधी पहिले ताट पहिल्या मजल्यावर, त्या खाटेपाशी गेले.

आता हा प्रश्न खेड्यातील वाचकांचा कसा, ते पाहा. ती फरशी कोणासाठी बसत होती? आपल्यासाठी. शहरातील भावाच्या घरी आपण वर्षातून एकदा जातो, चार घटका बसतो, आणि सहज बोलून जातो, "अजून तीच जुनी फरशी काय? अमक्याकडे पाहा, कसा महाल केला आहे!" ते शब्द आपण गाडीत बसताच विसरतो, तो भाऊ विसरत नाही. तो कर्ज काढतो व मिस्त्री बोलावितो. ह्याप्रमाणे चार घटकांच्या आप्तासाठी तीस वर्षांच्या शेजाऱ्याच्या डोक्यावर हातोडा पडतो, आणि त्या हातोड्यात आपल्या बोलण्याचाही थोडा भार असतो.

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. आपली मुले शहरात घर दुरुस्त करू लागली, तर रंग कोणता हे विचारण्याआधी त्यांना दुसरे काही विचारावे: इंजिनियरास दाखविले काय? खांब, तुळई व भिंत ह्यांस हात लावण्यापूर्वी परवानगी घेतली काय? जुनी फरशी काढूनच नवी घालणार ना? राडारोडा रोजच्या रोज खाली जातो ना? आणि खाली कोण राहते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता आले नाही, तर आपण पाहुणे म्हणून गेलो असता, बसण्यापूर्वी, त्यांच्यासह एक जिना उतरून यावे.