गाडीची खांदेमळणी

दसऱ्याच्या सकाळी ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा, देखावा तोच. गाड्या धुतलेल्या, हँडलला झेंडूचा हार, पुढे कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. या रांगेत आता इलेक्ट्रिक स्कूटरही रुळली आहे. तिला पेट्रोल लागत नसलं तरी हळदकुंकू लागतंच. ही पूजा जरा वाकून पाहिली तर एक गंमत दिसते. हाराचा दोरा आरशाच्या दांडीवरून खाली ओघळतो आणि पुष्कळदा ब्रेकच्या लिव्हरलाच वेढा घालतो. गाडी चमकावी म्हणून मारलेल्या पॉलिशचा फवारा थोडा पुढच्या डिस्कवरही बसतो, आणि डिस्कवर तेलकट काही बसलं की पॅडची पकड सुटते. म्हणजे ज्याच्यामुळे गाडी थांबते, त्याच्याच वाटेत पूजा येते. हा निष्काळजीपणा किरकोळ आहे, पण त्याच्या मागे एक समजूत आहे आणि ती किरकोळ नाही: पूजा हे धर्माचं काम, ब्रेक घट्ट करून घेणं हे गॅरेजचं काम, आणि या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. माझं म्हणणं असं की ही वाटणी आपल्याच परंपरेला मान्य नाही. ब्रेकची निगा हा पूजेचाच भाग आहे, आणि दोन्हींना वेळ नसेल तर आधी तो भाग उरकावा.

पुरावा पोळ्याचा. घाटावर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. जिथे वर्षभर जू घासतं तो खांदा गरम पाण्यानं शेकायचा, त्याला तूप-हळद चोळायची. झूल, बाशिंग, पुरणपोळी हे सगळं दुसऱ्या दिवशी. बैलाचं शिंग किंवा कपाळ सोडून नेमका खांदाच का, याचं उत्तर कुठल्याही शेतकऱ्याला विचारायची गरज नाही: घर्षण तिथे होतं, झीज तिथे होते. पूजेची सुरुवात झिजलेल्या जागेपासून करावी हा त्यातला विचार आहे, आणि तो मला फार प्रौढ वाटतो. पुढे बैल गेला आणि स्कूटर आली तेव्हा आपण झूल आणि बाशिंग तेवढं उचललं, खांदेमळणी गावी राहिली. (खांदेमळणी आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी हे शब्द कानाला जवळचे वाटतात, एक खांद्यावरून आला, दुसरा खंड्यावरून, म्हणजे तलवारीवरून. पण शस्त्रपूजेतही आधी गंज काढायचा, मग फूल वाहायचं, हा क्रम होताच.)

स्कूटरचा खांदा म्हणजे ब्रेकचं लायनर. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये लायनर चढवलेले दोन शू असतात, लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, शू पसरतात आणि ड्रमला आतून घासतात. गाडीचा वेग या घासण्यातून उष्णता होऊन जातो, आणि दर वेळी लायनरचाही थोडा अंश जातो. ब्रेक काम करतो याचाच अर्थ तो झिजतो. जसजशी झीज वाढते तसतसा लिव्हर हँडलच्या जवळ येऊ लागतो. मग चाकाजवळचा नट फिरवून केबलची ढिलाई काढायची. लिव्हर थोडा मोकळा हलला पाहिजे, बहुतेक स्कूटरवर साधारण १० ते २० मिलिमीटर, आणि त्यानंतर ब्रेक धरायला लागला पाहिजे. त्याहून ढिला ठेवला तर गाडी वेळेवर थांबत नाही. त्याहून आवळला तर शू ड्रमला कायम टेकून राहतात, चाक जड फिरतं, ड्रम तापतो, बॅटरी लवकर उतरते. शिवाय बहुतेक ई-स्कूटरमध्ये लिव्हरला मोटारची वीज तोडणारं बटण जोडलेलं असतं, ते दाबलेलंच राहिलं तर गाडी जागची हलत नाही. बुद्धानं सोण नावाच्या भिक्षूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता, फार ताणलेली नको, फार सैल नको. तो दाखला इथे तंतोतंत बसतो, पण त्यात एक भर घालावी लागते. काल बरोबर लावलेली तार आज बरोबर असेलच असं नाही. नट जागचा हललेला नसतो, तरी लायनर झिजल्यामुळे तोच नट आता ढिला ठरतो. मध्यम म्हणजे एकदा गाठून बसायची जागा नव्हे. ती सरकत राहते आणि तिच्यामागे सरकत राहावं लागतं. संयमाबद्दलही आपण नेमकी हीच चूक करतो. एकदा व्रत घेतलं, एकदा माळ घातली, एकदा शपथ घेतली, की तो आपल्या मालकीचा झाला असं समजतो.

विजेच्या गाडीनं या चुकीला एक नवं रूप दिलं आहे. ज्या स्कूटरमध्ये रीजनची, म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंगची, सोय असते तिथे मूठ सोडली की मोटार उलट जनरेटरसारखी चालते, वेग कमी होतो आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. मुंबईच्या नव्या लोकल गाड्याही ब्रेक लावताना अशीच वीज तारेत परत देतात, त्यामुळे ठाणे-कल्याणच्या प्रवाशाला ही कल्पना परकी नाही. सोय उत्तमच आहे, पण तिचे दोन परिणाम ध्यानात घ्यावे लागतात. एक म्हणजे रात्रभर चार्जिंगला लावून बॅटरी काठोकाठ भरली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते आणि हा रोध कमी पडतो. घोडबंदर रोडला राहणारा माणूस सकाळी भरलेल्या बॅटरीनिशी निघून गायमुखचा उतार उतरू लागला, तर ज्या रोधाची त्याला रोज सवय झाली आहे तो नेमका त्या दिवशी पुरा मिळेलच असं नाही. दुसरा परिणाम अधिक विचार करण्यासारखा आहे. खरा ब्रेक वापरलाच जात नाही. चार महिने पाऊस आणि दमट हवा, त्यात डिस्कवर गंजाची तांबूस झाक येते, ड्रममधला शू उघडणारा खिळा धरून बसतो, केबल आत अडकते. न वापरल्यानं लायनर शाबूत दिसतं, आणि शाबूत दिसतं म्हणून कुणी उघडून पाहत नाही. पतंजलीनं चित्ताच्या निरोधासाठी अभ्यास आणि वैराग्य या दोघांची जोडी सांगितली, एकटं वैराग्य सांगितलं नाही. मला त्याचं कारण इथे दिसतं. कधीच कसोटीला न लागलेला निग्रह नव्यासारखा दिसतो, आणि लागायच्या क्षणी लागत नाही.

आपल्याकडे संयमाची प्रसिद्ध उपमा रथाची आहे. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम आणि इंद्रियं म्हणजे घोडे. धम्मपदाच्या क्रोधवर्गात तर खरा सारथी आणि नुसता लगाम धरून बसलेला, असा भेदच केला आहे. या उपमा ज्यांनी केल्या त्यांच्या डोळ्यांसमोर जिवंत जनावर होतं. घोडा दमतो, खड्डा दिसला की बिचकतो, लहान मूल आडवं आलं तर पुष्कळदा स्वतःच थबकतो. बैलगाडीचा गाडीवान झोपला तरी बैल घरची वाट धरतात. म्हणजे थांबण्याचा काही भाग जनावरानं उचललेला असे. स्कूटर दमत नाही आणि बिचकतही नाही. विजेची तर आवाजही करत नाही, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाला ती येत असल्याचं मागे वळल्याशिवाय कळत नाही. घोड्यानं आणि आवाजानं उचललेला भार आता सगळाच्या सगळा स्वारावर आणि त्याच्या ब्रेकवर आला आहे. तरी थांबण्याकडे आपलं लक्ष कमीच असतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला आली, ती धावली म्हणून आपण तो दिवस लक्षात ठेवतो. ती ठाण्यात थांबली, हेही तेवढंच खरं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं शहाणपण झालं, धर्म कशाला म्हणायचं? आपला जीव वाचवायला माणूस ब्रेक पाहतोच. उत्तर असं की ब्रेकचा लाभ ज्याला होतो तो बहुधा दुसराच असतो. डोंबिवलीच्या फडके रोडवर संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई तुमच्या लायनरची जाडी पाहू शकत नाही. ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. त्या ११ मीटरांत ती बाई तुमच्यावर विश्वास टाकून पाऊल पुढे घालते, आणि तिनं तो टाकला हे तिलाही माहीत नसतं. जैनांची ईर्यासमिती हेच सांगते: चालताना पुढची जूभर जमीन पाहून पाऊल टाका, कुणी पायाखाली येऊ नये म्हणून. टेंभी नाक्याच्या देरासरात अनवाणी जाणारा श्रावक पायापुढची जमीन पाहतो. बाहेर येऊन स्कूटरवर बसला की त्याचं जू अकरा मीटर लांब झालेलं असतं, व्रत तेच राहतं.

कायदा इथे फार लांबपर्यंत सोबत करत नाही. एमएच ०४ किंवा एमएच ०५ ची खाजगी दुचाकी एकदा नोंदली की १५ वर्षं तिचा ब्रेक पाहायला आरटीओ बोलावत नाही. आणि २५० वॉटपेक्षा कमी मोटारची, ताशी २५ च्या आत धावणारी हलकी ई-स्कूटर तर कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नव्हे. तिला नंबर नाही, चालवणाऱ्याला लायसन्स नाही. बनवताना तिला ब्रेक असावा असं नियम म्हणतो, पुढे तो लागतो का हे विचारणारं कुणी नाही. जिथे विचारणारं कुणी नाही तिथेच धर्माचा प्रश्न सुरू होतो. तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये एक फार मोलाची गोष्ट आहे. वाहनातला धोकादायक दोष माहीत असून गाडी चालवणारा तर दोषी आहेच, पण साधी काळजी घेतली असती तर जो दोष कळला असता, त्याबद्दलही तो दोषी आहे. न कळणं ही इथे सबब नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचं लक्षण याच्या अगदी जवळचं आहे: परिणाम, क्षय, हिंसा आणि आपलं बळ यांकडे न पाहता मोहानं सुरू केलेलं कर्म. तिथला क्षय काही लायनरचा नाही, हे मान्य. पण क्षय आणि हिंसा यांना एका दमात नाव घेण्यामागे जी दृष्टी आहे, ती गॅरेजमध्येही चालते.

दुसरा आक्षेप मेकॅनिकचा. सर्व्हिसिंगचे पैसे दिले, आता जबाबदारी त्याची. अर्धं बरोबर आहे. शू बदलणं, डिस्क ब्रेकचं ऑइल दर दोन वर्षांनी बदलणं त्याचंच काम, ते घरी करू नये. पण लिव्हर किती आत जातो हे रोज फक्त चालवणाऱ्याच्याच बोटांना कळतं. तिसरा आक्षेप खड्ड्यांचा, आणि तो ऐकताना माझीही मान डोलते. घोडबंदरला किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर पावसाळ्यात जे होतं त्यात एका नटाची काय कथा? रस्त्याचा जाब जरूर विचारावा. मात्र खराब रस्ता हे ब्रेक नीट ठेवण्याचं जास्तीचं कारण आहे, न ठेवण्याचं नव्हे. आणि काहीच झालं नाही तर पाप कुठलं, असं विचारणाऱ्याला एवढंच सांगता येईल की ढिल्या ब्रेकनं वर्षभर फिरलेला आणि अपघात केलेला, या दोघांनी एकच कृती केली. त्यांच्यातला फरक रस्ता ओलांडणाऱ्यानं केला.

सर्वांत खोल आक्षेप भक्तीचा आहे: भाव शुद्ध असला, देवावर भार टाकला, की नटबोल्टची काय मातब्बरी? गोरा कुंभार नामात रंगून चिखल तुडवत होता आणि पायाखाली आलेलं स्वतःचं मूल त्याला दिसलं नाही, अशी कथा आहे. परंपरेनं त्याच्या भक्तीचा गौरव केला, पण मूल तुडवलं गेलं हे लपवलं नाही. ते परत मिळायला विठ्ठलाला यावं लागलं. रस्त्यावर ती सोय नाही. त्याच परंपरेत सावता माळी आहे, ज्याला आपल्या मळ्यातच विठ्ठल सापडला. स्कूटर चालवणाऱ्यानं गुरू निवडायचा तर सावता निवडावा.

येत्या खंडेनवमीला हार घालण्याआधी गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचं चाक हातानं फिरवा, घासल्याचा आवाज येतो का ऐका. लिव्हर दाबून पाहा. हँडलला टेकत असेल तर नट थोडा आवळा, चाक जड झालं तर अर्धा फेरा मागे घ्या, नाही जमलं तर गॅरेजवाल्याकडे न्या. डिस्कवर कुंकू नको, पॉलिश तर नकोच. आणि हार आरशाला बांधा, लिव्हर मोकळा ठेवा.