सदका आणि संशोधन

आमच्या मोहल्ल्यातले कातिबचाचा लग्नाच्या उर्दू पत्रिका हाताने लिहीत. काही वर्षांपूर्वी त्यांचे अक्षर बारीक होऊ लागले. ओळीच्या आरंभी अलिफ ठसठशीत, शेवटी मात्र अक्षरे मुंगीएवढी. नजर कमी झाली असेल, असे आम्हांला वाटले. पुढे हात थरथरू लागला, तेव्हा डॉक्टरांनी पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात, असे निदान केले.

त्यांच्या गोळ्यांसाठी आम्ही काही शिक्षक रमजानमध्ये पैसे जमवतो. गेल्या साली एका सहकाऱ्याने विचारले, ‘‘यातला थोडा हिस्सा या रोगाच्या संशोधनाला का देऊ नये?’’ दुसरे चिडलेच. ‘‘शेजारी गोळीवाचून बसलाय आणि तुम्ही प्रयोगशाळेला पैसे देणार? जकात गरजवंताच्या हातीच पडली पाहिजे, सर!’’

जकातीपुरते त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. तिचे हकदार कुरआनने ठरवून दिले आहेत. पण सदक्याचे काय? माणूस गेल्यावरही ज्यांचा सवाब चालू राहतो, त्या गोष्टींत हदीसने उपयोगी पडणारे ज्ञानही गणले आहे.

आणि ती गोळी तरी आली कुठून? 1957 साली स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. हे द्रव्य आपल्या सर्पगंधेतले. ससे निपचित पडले. लेव्होडोपा टोचताच पुन्हा हिंडूफिरू लागले. 1960 मध्ये व्हिएन्नात मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांत डोपामिन फार कमी आढळले. आपल्या मेंदूमुळे कुणा कातिबाचा हात काही तास स्थिर राहील, हे त्या मृतांना कुठे ठाऊक होते? आज चाचा घेतात ती लेव्होडोपाचीच गोळी.

पण ही गोळी मेंदूतल्या पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. वर्षे लोटली की तिचा असर लवकर उतरतो. ऱ्हास थांबवणारे औषध अजून कुणापाशीच नाही. स्वतः या रोगाने ग्रासलेले अमेरिकन अभिनेते मायकेल जे. फॉक्स यांनी 2000 साली संशोधनासाठी संस्था काढली. तिने आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली. तिच्याच मदतीने चाललेल्या एका मोठ्या अभ्यासातून 2023 मध्ये पाठीच्या कण्यातील द्रव तपासून रोगाची खूण ओळखता येते, एवढे सिद्ध झाले. किराणा दुकानाच्या हिशेबाने पाहिले तर हा सौदा तोट्याचाच.

आमची स्वतःची शंका निराळी आहे. लोकांच्या देणग्यांवर निघालेले औषध उद्या एखाद्या कंपनीने अव्वाच्या सव्वा किमतीला विकले, तर चाचांसारख्यांना त्याचा काय उपयोग? देणाऱ्याने ही अट आधीच विचारली पाहिजे. सरकारी संशोधन आपल्या करातून चालते, तिथे तर हक्कानेच विचारली पाहिजे. आम्ही सदक्याचा हिशेब पै-पैचा ठेवतो, कराविषयी मात्र कधी तोंड उघडत नाही.

चाचांच्या कानावर हा वाद गेला, तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘‘द्या की! फक्त माझी गोळी बंद करून देऊ नका.’’

यंदा गोळ्यांचे वर्षाचे पैसे आधी बाजूला काढले. उरलेली थोडी रक्कम स्टाफरूमच्या कपाटात पाकिटात आहे. ती कुठे पाठवायची, यावर मधल्या सुट्टीत अजून भांडण चालते.