संताच्या जागी गरुड

जुन्या राजपदकांचा काळ ठरवताना धातू, मीनाकाम आणि कारागिराचा ठसा पाहतात, तसाच धर्मही पाहावा लागतो. रशियाच्या सेंट जॉर्ज पदकाच्या मध्यभागी सर्पावर भाला रोखलेला घोडेस्वार संत असतो. १८४४ पासून ख्रिस्ती नसलेल्या मानकऱ्यांसाठी त्याच्या जागी दोन डोक्यांचा शाही गरुड आला. म्हणून गरुड दिसला की वस्तू त्याआधीची नाही आणि ती ख्रिस्ती माणसासाठी घडवलेली नाही, हे एकदमच कळते. गंमत अशी की संत गेला, पण पदकाचा क्रुसाचा आकार तसाच राहिला. कॉकेशसमधल्या मुस्लिम योद्ध्यांनी ‘पाखरू नको, घोडेस्वार द्या’ अशी तक्रार केल्याचा किस्सा सांगतात. दुसऱ्या धर्माच्या माणसाचा गौरव करताना आपले धर्मचिन्ह बाजूला काढणे हा आदर की दुरावा? माझ्या मते चिन्ह कोणासाठी काढले, यावर ते ठरते.

१८६१ साली स्थापन झालेले ‘स्टार ऑफ इंडिया’ ताडून पाहा. ओनिक्सवर कोरलेला व्हिक्टोरिया राणीचा चेहरा, वर पाच टोकांचा तारा. क्रूस नाही, संत नाही. ब्रीदात स्वर्गीय प्रकाशाचा उल्लेख आहे, पण तो कोणत्या देवाचा हे सांगितलेले नाही. जयाजीराव शिंदे, तुकोजीराव होळकर, खंडेराव गायकवाड आणि भोपाळच्या सिकंदर बेगम या पहिल्या मानकऱ्यांत होत्या. व्हाइसरॉय तर या मंडळाचा प्रमुखच. इथे क्रूस वगळला तो साऱ्यांसाठी. रशियात गरुड मिळाला तो फक्त परक्यांना.

यावर कोणी म्हणेल की देव हटवून राणीला मखरात बसवले, एवढेच झाले. आक्षेप खरा आहे. १९०१ मध्ये राणी वारली तरी पदकावरचा चेहरा बदलला नाही; त्यामुळे चेहऱ्यावरून काळ ठरवणाऱ्याची फसगत होते. साम्राज्याने स्वतःची मूर्ती स्थापली होती यात शंका नाही. पण त्या मूर्तीपुढे मान सगळ्यांनाच तुकवावी लागे, आणि माझा प्रश्न मानकऱ्यांमधल्या भेदाचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. क्रूस ही निव्वळ नक्षी असेल तर एवढा ऊहापोह कशाला? वेदोक्तासाठी झगडलेल्या शाहू महाराजांकडे रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डरचा सर्वोच्च किताब होता, आणि त्याच्या ताऱ्यात माल्टी क्रूस असतो. त्याने महाराजांचा धर्म बुडाला असे कोणी म्हणणार नाही. पण मग नक्षीची चिंता देणाऱ्यालाच का लागावी? १९०२ मध्ये इराणच्या शहासाठी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॅन्सडाउन यांनी गार्टर या ब्रिटिश राजपदकाचे क्रुसाविना चित्र तयार करवले, तेव्हा सातवा एडवर्ड भडकला. क्रूस आपला आहे, हे मंत्री आणि राजा दोघांनीही गृहीत धरले होते. तो झाकायचा की मिरवायचा, एवढाच वाद.

‘स्टार ऑफ इंडिया’चे १८६६ मध्ये तीन वर्ग झाले. पहिल्याचा छातीवर लावायचा तारा सोन्याचा, दुसऱ्याचा चांदीचा, तिसऱ्याला असा ताराच नाही. म्हणजे नुसती वस्तू हातात आली तर मानकऱ्याचा दर्जा सांगता येतो. तो हिंदू होता, मुसलमान की इंग्रज, हे विचारायला कागदपत्रांकडेच जावे लागते.